वन्संचा वाफा

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू रोडच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालत होते. घरामागच्या वाफ्यात चांगली वीतभर कोथिंबीर उभी होती आणि तरीही मी बाजारातली, पाणी मारून जड केलेली जुडी उलटसुलट करून बघत होते. का? तर वाफ्यातली काढायची परवानगी नव्हती. "अजून आठ दिवस हात लावायचा नाही, मंगल. जरा खोडं धरू देत," असं मला दवाखान्याच्या खाटेवरून बजावण्यात आलं होतं. मी एकसष्ट वर्षांची बाई. घर माझं, धणे मी पेरलेले, पाणी मी घातलेलं, तण मी काढलेलं, आणि कोथिंबीर मात्र विकतची! त्याच तणतणीत पिशवीतला फोन वाजला. पलीकडून माझे यजमान दिलीप म्हणाले, "मंगल, ताई गेली." जुडी मी परत ठेवली की घेतली, मला आठवत नाही. घरी येऊन पाहिलं तर ती पिशवीत होती.

वन्सं म्हणजे दिलीपची थोरली बहीण, सुमन. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना वन्सं म्हणत आले; डहाणू तालुक्यातली अर्धी गावं त्यांना 'सिस्टर' म्हणत. त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल मन भरून लिहायचं असतं, हे मला कळतं. पण मी खरं सांगते, मी अजून चिडलेली आहे. शेवटच्या भेटीपासून सुरुवात करायची तर तीच घ्या. आदल्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन वापीच्या दवाखान्यात गेले. त्यांचा चेहरा उतरला होता, आवाज खोल गेला होता. मी जवळ बसले, हात हातात घेतला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पाणी सकाळी घातलंस ना?" मी हो म्हटलं. "संध्याकाळी घालू नकोस. थंडीत पानं रात्रभर ओली राहिली की पांढरी भुरी येते." मी म्हटलं, "वन्सं, आता राहू द्या ना ते..." तर म्हणाल्या, "राहू द्या काय? तू विसरतेस." झालं. पस्तीस वर्षांच्या नात्यातलं शेवटचं वाक्य, "तू विसरतेस". आणि मी काहीही विसरलेली नव्हते, हेही इथे लिहून ठेवते.

वन्संनी लग्न केलं नाही. नर्सिंगचा कोर्स करून त्या सायवनच्या पुढच्या एका पाड्यावरच्या उपकेंद्रात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्याच खोलीत राहिल्या. दिवाळीला दोन दिवस आमच्याकडे यायच्या, तेव्हा आमचं अगदी छान जमायचं. सहा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या आणि दिलीप जाऊन त्यांना कायमचं घेऊन आले. बरोबर दोन ट्रंका होत्या आणि एक गोणपाटाचं बोचकं. मला वाटलं, बोचक्यात भांडीकुंडी असतील. उघडलं तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले हळदीचे गड्डे, आल्याची बोटं आणि मुळांसकट उपटून आणलेले गवती चहाचे तीन ठोंब. चहा घ्यायच्या आधी त्या मागच्या दारी गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढी जागा, आणि तू इथे काय लावलंयस? गुलाब!"

होय, गुलाब. घोलवडच्या नर्सरीतून मी एकेक करून आणलेले पाच गुलाब. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले आणि हजेरीपटांत डोकं घातल्यावर घरी येऊन ज्यांच्याकडे बघत मी चहा प्यायचे, ते गुलाब. "आमटीत घालतेस का ते?" वन्संनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी मी पोस्टातून परत आले तर पाचही गुलाब कुंपणाच्या कडेला हलवलेले आणि मधली सगळी जागा खणून, ढेकळं फोडून, गादीसारखा उंच वाफा बांधून तयार. "उंच वाफा हवा," त्या मला समजावू लागल्या, जणू मी तेच विचारायला आले होते. "आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की सपाट जागेत मुळं कुजून जातात. आलं, हळद तर मुळीच टिकत नाही." पाचातले दोन गुलाब जगले. त्याबद्दल सहा वर्षांत एकदाही त्या 'चुकलं' म्हणाल्या नाहीत. उलट, मेलेले तीन आधीपासूनच कीडके होते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा स्वभाव कळायला कढीपत्त्याचं उदाहरण पुरेसं आहे. मी म्हटलं, नर्सरीतून हातभर उंचीचं रोप आणू, विषय संपेल. नाही! त्यांना बी लावायचं होतं. शेजारच्या वाडीतल्या झाडाची काळी, पिकलेली फळं त्या ओंजळभर घेऊन आल्या, चोळून वरचा गर धुऊन काढला आणि त्याच दिवशी पिशव्यांत पेरली. "कढीपत्त्याचं बी डब्यात भरून ठेवायचं नसतं. वाळलं की मेलं. ताजं असतानाच मातीत जायला हवं." पावसाळ्याचे दिवस होते. महिनाभराने खरंच कोंब आले. मला आनंद झाला. पुढच्या वर्षी रोप गुडघ्याएवढं झालं, तेव्हा एकदा पोह्यांना फोडणी देताना मी पटकन चार पानं तोडून आणली. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुठली गं ही पानं?" मी सांगितलं. पोहे पुढ्यात आल्यावर त्या ते न खाता उठल्या. दोन वर्षं... दोन वर्षं दारात कढीपत्त्याचं झाड असताना मी बाजारातून कढीपत्ता आणला. तिसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः शेंडा खुडला, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात म्हणे, आणि तो शेंडा प्रसाद द्यावा तसा माझ्या हातावर ठेवला. आता ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. ताकाचं भांडं विसळलेलं पाणी आठवड्याला त्याच्या बुंध्याशी जातं आणि थंडीत त्याला फार पाणी द्यायचं नाही, तेव्हा ते झोपलेलं असतं. हे सगळं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला फक्त फोडणीला चार पानं हवी होती.

आणि धणे. मी वीस वर्षं मिसळणाच्या डब्यातले धणे मूठभर घेऊन कुंडीत टाकत आले होते, बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा वेळ असायचा. कधी उगवायचे नाहीत, उगवले तर महिन्याभरात तुरे येऊन फुलायचे. मी ते नशिबावर ढकललं होतं. वन्संनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते त्यांच्या उपकेंद्रातल्या बायकांनी पुष्कळदा पाहिले असणार. "मंगल, डब्यातले धणे किती जुने आहेत? पेरायला बियाण्याच्या दुकानातले ताजे आणायचे. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करायच्या, पिठूळ करायचे नाहीत. रात्रभर भिजवायचे. पाऊस गेला की दसऱ्याच्या सुमाराला पहिली ओळ, मग दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ, माघ संपेपर्यंत. बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, वरून बारीक शेणखत, त्यावर ओलं गोणपाट. आठ-दहा दिवसांनी कोंब दिसले की गोणपाट काढायचं, विसरायचं नाही. रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, त्याला ते सोसत नाही. उन्हाळ्यात नादी लागायचं नाही." हे सगळं त्या एका दमात बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "एवढं सोपं आहे!"

आमच्या घरात दिलीप या सगळ्याच्या बाहेर राहिले. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आयुष्य काढलेला माणूस. दोन बाजूंनी आवाज आला की आपण मधे यायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी रात्री कुरकुर केली की म्हणायचे, "ताई आधीपासून अशीच आहे." जणू ते काही उत्तर होतं.

आता पायाचं सांगायला हवं. ते सांगताना दुःख होतं की राग येतो, मला अजून नीट कळत नाही.

वन्संना साखरेचा आजार होता, पंधराएक वर्षांचा. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, गोड खायच्या नाहीत, त्या बाबतीत काटेकोर. पण वाफ्यात जाताना पायात काही घालायच्या नाहीत. "चपलेने माती दबते," म्हणायच्या. मी ओरडून थकले. गेल्या वैशाखाच्या शेवटी आलं लावायचं काम चाललं होतं. अंगठ्याएवढे तुकडे, प्रत्येकावर एक-दोन डोळे, कापलेली बाजू दोन दिवस सावलीत सुकवलेली. पाऊस यायच्या आत डोळे वर करून, दोन बोटं खोल लावायचे आणि वर चिकूचा पालापाचोळा पसरायचा. चार दिवस त्या त्यातच होत्या. केव्हातरी मातीतली फुटक्या कौलाची खापरी त्यांच्या डाव्या पायात घुसली. आम्हाला काहीच कळलं नाही. पुढे दहा-बारा दिवसांनी मी फरशी पुसत होते, तर त्यांच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत पिवळट डाग. मी आधी म्हटलं, हळद सांडली असेल. मग वास आला...

"वन्सं, पाय दाखवा."

"काही नाही गं. खडा लागलाय."

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी लुगड्याच्या चिंधीची पट्टी सोडली. आत घरच्या हळदीचा लेप होता आणि त्याखाली जे होतं, ते मी इथे लिहीत नाही. मी दिलीपना हाक मारली, रिक्षा बोलावली, आणि वन्सं रिक्षात बसताना म्हणाल्या, "उरलेले तुकडे टोपलीत आहेत. ते आजच लाव, नाहीतर सुकतील." मी त्यांच्यावर रस्त्यात, शेजाऱ्यांसमोर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा 'अहो'चं 'अगं' झालं. "अगं, तू नर्स होतीस ना गं?" त्यांनी मान वळवली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

वापीला दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर शांत माणूस होता. लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाला, आणि ते एवढंच मला पुरलं. तीन आठवड्यांनी वन्सं घरी आल्या त्या वॉकर घेऊन. तोवर पाऊस सुरू झाला होता. टोपलीतले तुकडे मी लावले होते, तेही रागारागाने. ते सगळे उगवले होते. वन्संनी खिडकीतून बघितलं आणि म्हणाल्या, "फार जवळ लावलेस."

मग सुरू झाला खुर्चीचा काळ. मागच्या दाराशी पत्र्याच्या शेडखाली प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत वन्सं, पाय स्टुलावर, हातात बांबूची काठी. वाफ्यात मी. माझ्या गुडघ्यांबद्दल कुणी विचारत नव्हतं. काठी दाखवेल तिथे खुरपं. "ते तण नाही, तो ओवा आहे. पानओव्याची फांदी नुसती खोचली तरी लागते, तेवढी तिकडे खोच." "गवती चहाचा ठोंब दाटलाय. खण, हाताने फाडून चार भाग कर, वरची पानं हातभर ठेवून काप. पावसातच करायचं हे." "हळदीची पानं पातोळ्यांना काढायचीयत ना, तर कडेची काढ. मधली कोवळी नको." एकदा मी कंटाळून म्हटलं, "वन्सं, बाजारात सगळं मिळतं हो!" तर म्हणाल्या, "सगळं मिळतं, ताजं मिळत नाही." नागपंचमीच्या दिवशी हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्यांचा वास घरभर दरवळला तेव्हा दिलीप पहिल्यांदा स्वतःहून स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. त्यांनी दोन पातोळ्या उभ्या उभ्याच खाल्ल्या. वन्सं म्हणाल्या, "खोबरं जरा कमी पडलं." गूळ त्यांच्या पातोळ्यांत नव्हताच.

श्रावणात एक दिवस आमचं मोठं भांडण झालं. कारण अगदी फालतू होतं. मी कोथिंबिरीची हौस म्हणून पावसातच एका खोक्यात धणे टाकले होते आणि ते सगळे कुजले. वन्सं म्हणाल्या, "सांगितलेलं ऐकायचं नाही, मग असं होतं." माझा तोल गेला. मी म्हटलं, "ऐकायचं कुणी? मी? तुम्ही किती ऐकलंत? चप्पल घाला, चप्पल घाला म्हणून मी जीव काढला. बारा दिवस लपवलंत! तुमची दोन बोटं गेली, यांची झोप गेली, माझी कंबर गेली, आणि धणे कुजले म्हणून बोलणी मलाच!" वन्संनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि वॉकर घेऊन आत गेल्या. दोन दिवस घरात शब्द नाही. मला पश्चात्ताप झाला का? पहिल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी थोडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून भिंतीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बस." मी बसले.

"मंगल, मला दिसलं होतं गं."

"काय?"

"जखम. पहिल्याच दिवशी दिसली होती. दुखत नव्हती, साखरेने पायाला दुखणं कळायचं कधीच बंद झालंय. पण संध्याकाळी पाय धुताना दिसली. मला कळलंही होतं, ही साधी नाही."

मी कप खाली ठेवला. "आणि तरी..."

"तुम्ही मला खुर्चीत बसवलं असतं," त्या म्हणाल्या. "बसवलंतच की शेवटी. मी आयुष्यभर कधी बसले नाही गं. इथे आले तर घर तुझं, स्वयंपाक तुझा, भाऊ माझा असला तरी संसार तुझा. माझं म्हणून काय होतं? तेवढी आल्याची लावणी होऊ द्यावी म्हटलं. पुढच्या वर्षाचं कुणी सांगितलंय..."

मी काय बोलायला हवं होतं, ते मला आता, त्या गेल्यावर सात आठवड्यांनी, वीस प्रकारांनी सुचतं. हे घर तुमचंही आहे, असं म्हणता आलं असतं. तेव्हा मी म्हणाले, "चहा निवतोय." तुम्हाला सांगते, मला दया आली नाही, राग आला. सहा वर्षं एका छपराखाली राहून या बाईला पाहुणी असल्यासारखं वाटत होतं आणि तिने ते एकदा तोंडाने सांगितलं नाही. गुलाब उपटताना सांगितलं नाही, पोहे टाकून उठताना सांगितलं नाही. धणे किती खोल पेरायचे ते शंभर वेळा सांगितलं! आणि मीही कधी विचारलं नाही, हे त्याच रागाच्या तळाशी आहे, ते मला दिसतं.

त्यानंतर आम्ही बदललो, असं नाही. दोघी तशाच राहिलो. फक्त दसऱ्याला मी धणे रगडून, भिजवून, पेरायच्या आधी ताट त्यांच्यासमोर नेऊन धरलं. त्यांनी चिमूटभर हातात घेऊन बघितले. "बरे आहेत," म्हणाल्या. दर पंधरवड्याला मी एकेक ओळ पेरत गेले. दिवाळीपर्यंत पहिली ओळ अशी तरारली की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. वन्सं खुर्चीतून सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या मंगलने केलंय." मला तोंडावर एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या असं सांगायच्या, हे मला शेजारणीकडून कळलं, तेही त्या गेल्यावर.

मार्गशीर्षात त्यांना ताप भरू लागला. पाय वरून बरा दिसत होता, आत काहीतरी धुमसत होतं, मग मूत्रपिंडांवर आलं. चार दिवस दवाखाना. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

तेराव्याच्या दिवशी सायवनकडून तीन बायका आल्या. एसटी बदलून, दुपारच्या उन्हात चालत. त्यातली पुढची जमनी, माझ्याच वयाची, दारात थांबून म्हणाली, "सिस्टरचं घर हेच ना?" मी तिला आत घेतलं. मला वाटलं, आता रडारड होईल. जमनी पाणी प्यायली, फोटोकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमाला पन वरडायची का?"

मी म्हटलं, "रोज!"

"आमाला लय वरडायची," जमनी म्हणाली, आणि तिघीही हसू लागल्या, पदर तोंडाला लावून. फोटोसमोर समई जळत होती, आत भटजी पानं मांडत होते, आणि आम्ही चौघी ओसरीवर बसून वन्संच्या तक्रारी करत होतो. सुई टोचून घ्यायला वेळेवर आलं नाही की घरी येऊन ओरडायच्या. बाळंतिणीला दुपारी निजू दिलं नाही म्हणून सासूवर ओरडायच्या. जमनीच्या थोरल्या मुलीच्या वेळी नदीला पाणी आलं होतं, तर सिस्टर जमनीच्याच काठाला अडकल्या. मग दोन रात्री जमनीच्या घरातच राहिल्या, बाळंतपण केलं आणि जाताना चूल चुकीच्या जागी मांडलीय म्हणून पुन्हा ओरडल्या. "चूल हलवली का मग?" मी विचारलं. "हलवली तर! नायतर परत आली असती." कितीतरी दिवसांनी मी इतकी हसले. आतून दिलीप बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, आणि पायरीवर बसले. निघताना जमनी म्हणाली, "येकदा या तिकडं. दवाखाना दाखवते तिचा."

पौषात आल्याची पानं पिवळी पडली, माना टाकल्या. म्हणजे काढायची वेळ झाली, हे मला आता कुणी सांगावं लागत नाही. मी एकटीनेच खणलं. ज्या आल्यापायी हे सगळं घडलं, ते असं जाडजूड, रसरशीत निघालं की मला त्याला फेकून द्यावंसं वाटलं. फेकलं नाही. धुतलं, वाळवलं, थोडं पुढच्या लावणीला बाजूला ठेवलं, आणि उरलेलं पिशवीत भरून गेल्या आठवड्यात मी आणि दिलीप सायवनला गेलो.

जमनीने आलं हातात घेऊन नखाने खरवडलं, वास घेतला आणि पिशवी घरात ठेवून आम्हाला उपकेंद्राकडे नेलं. बैठी इमारत, नवा रंग, समोर हातपंप. पंपाचं पाणी वाहून जाणाऱ्या चराच्या दोन्ही बाजूंना पुदिना माजलेला. अक्षरशः माजलेला, भिंतीपर्यंत, पायवाटेच्या मधोमध, सिमेंटच्या भेगेतूनसुद्धा. मी बघतच राहिले. आमच्या घरी पुदिना कधीच नव्हता. मी चटणीसाठी तीनदा मागितला, तिन्ही वेळा वन्संनी साफ नाही म्हटलं होतं. "पुदिना जमिनीत लावायचा नसतो. सगळीकडे पसरतो, दुसऱ्या कशाला जगू देत नाही."

"हा कुणी लावला?" मी विचारलं.

हल्लीची नर्स तरुण मुलगी आहे, चटपटीत. ती म्हणाली, "लावला नाही कुणी मॅडम, आहेच तो. दर पावसाळ्यात आम्ही उपटतो, पुन्हा येतो. तुम्हाला हवा तर सगळा न्या!"

"सिस्टरने लावलाय," जमनी म्हणाली. पंपाजवळ एक सपाट काळा दगड आहे. त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हितं बसवायची आमाला. आधी पाय धुवायचे, मग आत. आनि धुतले की येकेकीचा पाय मांडीवर घेऊन बघायची. काटा हाय का, भेग हाय का. आमाला लाज वाटायची पाय द्यायला. काय लपवलं तर अशी वरडायची! मग हा पाला चुरगाळून हातात द्यायची. वास घे म्हनायची, हिकडं बघू नको. तवर काटा भायेर."

दिलीप पाठमोरे होऊन रस्त्याकडे बघू लागले. मला एकदम इतका संताप आला की तिथेच, त्या अंगणात, मोठ्याने भांडावंसं वाटलं. सगळ्या गावाचे पाय मांडीवर घेतलेत, वन्सं. तुमचा एक पाय माझ्या मांडीवर द्यायला काय झालं होतं? मी काय ओरडले असते ते ओरडले असते... तुम्ही नव्हता का ओरडत?

"बसा बाई," जमनी म्हणाली. "धुळीनं भरलेत पाय."

मी दगडावर बसले. जमनीने पंप हापसला. पाणी चांगलंच गार होतं. हात आपोआप चराकडे गेला, चार पानं खुडली गेली, आणि तो वास आला तेव्हा मी त्या तरुण नर्सला म्हटलं, आवाज नको तितका चढला होता माझा, "उपटत जाऊ नका हो हा. मुळं तुटली की आणखी फुटतो. वरून कापा, दर पंधरा दिवसांनी. आणि पायवाटेच्या कडेने फरशीचा तुकडा उभा पुरा, म्हणजे इकडे येणार नाही."

"बरं मॅडम," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, "तेवढं जरा सरकता का? पेशंट आहेत."

मागे एक बाई उभी होती, कडेवर पोर, पाय मातीने माखलेले. मी उठले आणि तिला दगड मोकळा करून दिला.